दार लावून काढलेलं दूध

“बाई, ती शाल काढा. दोन्ही हात कोपरापर्यंत दिसले पाहिजेत,” करंबेळकर डॉक्टर म्हणाले.

आई जागची हलली नाही. माघ महिन्यातलं दुपारी चारचं ऊन. मैदानावरची माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून वारा घेत होती, आणि माझी आई मात्र तपकिरी शाल दोन्ही हातांवरून घट्ट लपेटून आमच्या पवळी गाईच्या कुशीला टेकून उभी होती.

“थंडी वाजतीया मला,” ती म्हणाली.

दोरीबाहेरच्या गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टर हसले नाहीत. ते तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्याचे मुख्य होते आणि दूध काढण्याच्या स्पर्धेचे पंच. माणूस सरळ, पण कागदावर लिहिलेलं अक्षर सोडायचं नाही असा.

“नियम सगळ्यांना सारखा आहे. गेल्या वर्षी एकानं बाहीत सुई लपवून आणली होती. पान्ह्याचं इंजेक्शन. तेव्हापासून हात तपासल्याशिवाय आम्ही कुणालाच गाईखाली बसू देत नाही.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी दोरीच्या अलीकडं उभी होते आणि मनातून चडफडत होते. काढ ना शाल! सगळं गाव बघतंय, आणि हिला आत्ताच थंडी वाजायचं सुचलं.

“वाईच पानी पिऊन येते,” आई म्हणाली आणि पाण्याच्या टाकीमागं गेली. परत आली तेव्हा शालीची घडी तिच्या खाकेत होती. ती तिनं माझ्या हातात दिली आणि डॉक्टरांपुढं दोन्ही हात पसरले. रिकामे, काळेसावळे, हाडं वर आलेले हात. डॉक्टरांनी ते उलटेसुलटे करून पाहिले. मनगटांवर बारीक ओरखडे होते, काही जुने, काही ओले.

“हे काय झालं?”

“दाव्यानं खरचटलंय.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या गाईकडं गेले.

या सगळ्याला कारण मीच होते. स्पर्धेत पवळीचं नाव मी घातलं होतं, तेही आईला न विचारता. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझं डोकं कायम चुलीवर ठेवल्यासारखं तापलेलं असायचं.

त्याच्या दोन वर्षं आधी दिवाळीच्या तोंडावर माझे वडील, आण्णा, गेले. पवळी आमच्याच गोठ्यात जन्मलेली, तांबड्या अंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय. पहिल्या वेतापासून तिच्या कासेला आईखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आण्णा गेले आणि तिनं दूध चोरलं. सड धरले की चार थेंब यायचे आणि बंद. कास दगडासारखी व्हायची. येणारा-जाणारा म्हणायचा, मुक्या जनावराला मालकाचं दुःख कळतंय. मलाही ते खरंच वाटायचं आणि गाईच्या गळ्यात पडून मी रडायचे. मग तेराव्यानंतर एका पहाटे आई एकटी मळ्यात गेली आणि भरलेली चरवी घेऊन आली. गाईचं दुःख ओसरलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्या दिवसापासून आई गोठ्याचं दार आतून लावून धार काढायला लागली. गोठा मळ्यात, घर गावात. दोन्ही वेळेला ती एकटी जायची. “गाय बुजती,” एवढंच सांगायची. मलाही आत येऊ देत नसे.

गावात दार लावून काही करायचं म्हणजे चार जणांच्या तोंडाला काम मिळतं. आमच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी हणमंता याचा मळा आमच्या बांधाला लागून. वर्षभरानं त्यानं एक दिवस डेअरीच्या रांगेत सगळ्यांदेखत आईला विचारलं, “आनसावैनी, दार लावून कसली धार काढता? आतनं काचंच्या बाटल्यांची किणकिण येती. मी सवता ऐकलीया. इंजेक्शन देऊन पान्हा फोडता न्हवं?”

आईनं मान खाली घातली आणि कॅन ओतलं. बोलले मी.

“आमच्या गोठ्याला आम्ही दार लावू न्हाईतर छप्पर उडवू, तुमचं काय जातंय?”

“दूध डेरीत येतंय, शालन. गावची पोरं पित्यात ते,” हणमंता म्हणाला. “असलं दूध आमी घेनार न्हाई.”

मग हे रोजचंच झालं. आईचं दूध रांगेत शेवटी, वेगळं ठेवून, नाक लावून बघायचे. त्या माघात त्यानं जाहीर केलं की पुढच्या पंधरवड्यापासून आम्हा डुबलांचं दूध बंद. मी आईला म्हटलं, दार उघडं टाक आणि धार काढ, दोन दिवसांत सगळ्यांची तोंडं बंद होतील. ती म्हणाली, गाय बुजती गं. मी म्हटलं, मग मी जवळ बसते. ती म्हणाली, “नगं.”

त्या ‘नगं’चा मला राग आला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परस्पर पंचायत समितीच्या कचेरीत गेले आणि पशुप्रदर्शनाचा अर्ज भरला. गाईचं नाव पवळी. धार काढणार आनसाबाई विठोबा डुबल. म्हटलं, हजार माणसांत, डॉक्टरांच्या समोर, उघड्या मैदानात काढू दे माझ्या आईला दूध. मग बघू हणमंताच्या कानाला कसली किणकिण येते.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली.

“कुनी सांगितलं हुतं तुला?” ती इतक्या हळू म्हणाली की मला वाटलं, आनंदानं बोलवेना झालंय.

उंबऱ्याशी बायजाआत्या बसली होती. आण्णांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती तिथंच राहिली. घरात तिचा शब्द शेवटचा. आण्णा गेले त्या दिवशी आईच्या हातातल्या बांगड्या तिनंच जात्यावर फोडल्या होत्या. तोंडातून अक्षर न काढता, एकेक करून.

“आता नाव घातलंय न्हवं?” आत्या म्हणाली. “माघार घेतलीस तर हणमंत्याचं खरं हुईल. जायाचं.”

मग जायचं ठरलं.

स्पर्धेची रीत अशी होती. सकाळी सहाला सगळ्या गाईंच्या कासा रिकाम्या करायच्या, ते दूध मोजायचं नाही. मग संध्याकाळी जे निघेल ते मोजायचं. वासरू जवळ आणायचं नाही. दोरीच्या आत गाय आणि धार काढणारा, तिसरं कुणी नाही. वेळ बारा मिनिटं.

सकाळची धार झकास गेली होती. अजून नीट फटफटलं नव्हतं, मैदानात धुकं होतं. आईनं अगदी टोकाची जागा मागून घेतली आणि मला पेंड आणायला पिटाळलं. मी परत येईस्तोवर चरवी फेसानं भरलेली. एक पेंगुळलेला कारकून बॅटरी मारून कास बघून गेला. आई शालीत हात गुंडाळून बसली होती आणि पवळी डोळे मिटून रवंथ करत होती. मी मनातल्या मनात बक्षिसाचा फेटासुद्धा बांधून टाकला.

आता चार वाजता सहा गाई रांगेत उभ्या होत्या. पाच जणींच्या खाली गडी बसले होते, धोतरं आणि पायजमे वर खोचून. बाई एकटी माझी आई. हणमंताची काळी-पांढरी होस्टन गाय आमच्या शेजारीच. धार त्याचा भाऊ काढणार होता. हणमंता स्वतः दोरीला रेलून माझ्यापासून चार हातांवर उभा. आत्या माझ्या मागं, दगडावर बसलेली, काठी दोन्ही हातांत धरून.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

पाच बादल्यांमधून एकदम चुर्र चुर्र असा आवाज उठला. आमच्या बादलीत तीन-चार धारा वाजल्या आणि थांबल्या.

आईनं सड सोडले, कासेवर कोमट पाण्याचा हात फिरवला, परत धरले. दोन धारा. मग थेंब. मग तेही नाही.

“पवळे,” आई म्हणाली. “पवळे, आगं सोड.”

पवळीनं मागचे पाय बदलले, मान वळवून आईकडं पाहिलं. कान पुढं केले, मागं केले. जणू कशाची तरी वाट बघत होती. कास भरून टम्म झालेली मला दोरीपासून दिसत होती. दूध होतं. गाय ते वर ओढून धरत होती.

“दोन मिनिटं,” डॉक्टर म्हणाले.

शेजारची बादली आता वाजत नव्हती. दूध चढलं की धारेचा आवाज जड होतो, तसा घुम्म आवाज येत होता. आईनं कपाळ गाईच्या कुशीत टेकवलं होतं आणि दोन्ही हातांनी ती कास चोळत होती. तिच्या पाठीवरचं पोलकं घामानं काळं झालं होतं.

“पेंड घाला की तिच्या फुडं,” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. पेंड होतीच. पवळी तिला तोंड लावत नव्हती.

“तीन मिनिटं.”

“जनावर बुजलं असंल,” एक म्हातारा म्हणाला.

“सकाळी न्हाई बुजलं?” हणमंता म्हणाला. तो फार मोठ्यानं बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत बोलला. “सकाळी अंधार हुता. शाल हुती. आता शाल काडली, हात तपासलं, आनि गाय आटली. आता कसं वं वैनी? हितं दार न्हाई लावायला!”

लोक हसले. ते हसू मला पाठीत धपाटा बसावा तसं लागलं. मी त्याच्याकडं वळले, चार शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण त्या बाहेर पडेनात.

कारण तो बोलला त्यात हिशेब होता. सकाळी शाल होती, दूध होतं. आता शाल नाही, दूध नाही. हात दाखवायच्या आधी आई टाकीमागं गेली होती. काहीतरी ठेवायला? टाकायला? दोन वर्षं ती मला गोठ्यात येऊ देत नव्हती. मागच्या उन्हाळ्यात उकिरड्यावर औषधाची एक काचेची कुपी मीच पाहिली होती. वासराच्या जंताची असेल म्हणून सोडून दिली होती.

“पाच मिनिटं.”

बादलीत पावशेर दूध असेल नसेल. आई कास चोळतच होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, गर्दीकडं बघत नव्हती. मी दोरीवरून वाकले, इतकी की पोटात दोरी रुतली.

“आई,” मी दबक्या आवाजात म्हटलं. “खरं सांग. घरी इंजेक्शन देत हुतीस का?”

तिचे हात थांबले.

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती मला नीट न्याहाळत होती, ही पोरगी कुणाची म्हणून.

मग ती उठली. गर्दीला वाटलं, हरली. “उठली, उठली,” अशी कुजबुज झाली. हणमंतानं भावाला हसून खूण केली. डॉक्टर आमच्याकडं यायला निघाले.

आईनं कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढली आणि तोंडाची गाठ सोडली. तिच्या तळहातावर चार बांगड्या पडल्या. हिरव्या, काचेच्या, मध्ये सोनेरी ठिपके असलेल्या.

त्या माझ्या होत्या. आण्णांनी शेवटच्या जत्रेत मला घेतलेल्या डझनातल्या उरलेल्या. त्यांचं तेरावं झालं आणि अख्खा डझन माझ्या पेटीतून नाहीसा झाला होता. मी चुलतबहिणीवर आळ घेतला होता, तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते. आई तेव्हा म्हणाली होती, घुशीनं नेल्या असतील.

“हे काय आहे, बाई?” डॉक्टरांनी विचारलं.

“काकनं हायेत. काचंची. बगून घ्या.” तिनं हात पुढं केला.

डॉक्टरांनी एकेक बांगडी उचलली, उजेडात धरली, परत दिली. “आणि आत्ता कशाला घालताय?”

“मला नगंत सायेब,” आई म्हणाली. “गाईला लागत्यात.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. मलाही कळलं नाही. पण माझ्या मागं दगडावर काठी आपटल्याचा आवाज झाला, म्हणजे आत्याला कळलं होतं.

आईनं बादलीतल्या त्या पावशेर दुधात उजवा हात बुडवला. ओला केला. अंगठा आत दुमडला आणि पहिली बांगडी चढवायला लागली. बांगडी माझ्या मापाची, म्हणजे तिला एका मापानं लहान. ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. आईनं दात आवळले आणि दाबली. बांगडी सरकली. ओरखडा उठला, त्यातून रक्त आलं आणि दुधात मिसळून मनगटावरून ओघळलं. दुसरी. मग डावा हात. तिसरी गेली. चौथी घालताना कट्कन मोडली आणि तुकडे तिच्या पायाशी पडले.

विधवा बाई उभ्या मैदानात हिरव्या बांगड्या भरत होती, आणि ते बघायला गाव, भावकी, सगळे हजर होते. एका म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. मी मान वळवून आत्याकडं पाहायचं धाडस केलं नाही.

“सात मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

आई खाली बसली. बादली गुडघ्यांत धरली आणि सड धरले. एक हात वर, एक हात खाली. धार काढणाऱ्या बाईचे हात चालतात त्या लयीत तीन बांगड्या वाजायला लागल्या. किण. किण. किण.

पवळीचे कान सैल पडले. तिनं मान खाली घातली, पेंडीला तोंड लावलं. मागचे पाय फाकून उभी राहिली. आणि बादलीत अशी धार कोसळली की शेजारच्या गड्यानं हात थांबवून मागं पाहिलं.

मला तेव्हा समजलं. पहिल्या वेतापासून पवळीनं धारेच्या वेळी हाच आवाज ऐकला होता. आण्णा गेले म्हणून तिनं दूध चोरलं नव्हतं. तिला आण्णांचं काहीच देणंघेणं नव्हतं. आईच्या हातातला आवाज गेला होता. आम्ही सगळे गाईचं दुःख बघत बसलो, आणि आईनं एकटीनं खरं काय ते ओळखलं. मग दिवसातून दोन वेळा, दार लावून, ती त्या लहान मापाच्या बांगड्या हातात चढवत होती आणि बाहेर यायच्या आधी उतरवत होती. दोन वर्षं.

“हणमंता,” मागून आवाज आला.

बायजाआत्या उठून उभी राहिली होती. काठीवर दोन्ही हात, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

“ऐक नीट,” ती म्हणाली. “ह्योच का रं तुज्या बाटल्यांचा आवाज?”

हणमंता दोरीपासून सरकला.

“बोल की. येवडं कान लावून ऐकलंवतंस ना बांधावरनं? ह्योच का?”

“आत्याबाई, मला काय ठावं...”

“ठावं न्हवतं तर तोंड मिटून बसायचं हुतं,” आत्या म्हणाली आणि परत खाली बसली. तिनं आईकडं मात्र पाहिलं नाही. ती जमिनीकडं बघत होती.

बारा मिनिटांची शिट्टी झाली. पाच गडी हात पुसत उठले. आई उठली नाही.

“बाई, वेळ संपली,” कारकून म्हणाला.

“तुमची संपली,” आई म्हणाली. “कास अर्दी ठिवून उठत न्हाई मी. गाय आजारी पडंल.”

कारकून पुढं होणार तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं. पहिली बादली त्यांनी मोजायला पाठवली आणि दुसरी स्वतः उचलून आईपुढं ठेवली. मग गुडघ्यावर बसून ते धार बघत राहिले. अख्खं मैदान बघत राहिलं. बांगड्या वाजत होत्या.

स्पर्धेत आम्ही शेवटून पहिले आलो. वेळेत निघालेलं दूध साडेपाच लिटर. नंतरचं मिळून साडेदहा झालं. तसं मोजलं असतं तर पवळीचा पहिला नंबर होता, हणमंताची होस्टन दुसरी. डॉक्टरांनी नियम मोडला नाही. पण त्यांनी आमच्या तक्त्याच्या खाली आपल्या हातानं लिहिलं की ह्या गाईचा पान्हा नैसर्गिक आहे, माझ्यासमोर सुटलेला आहे, आणि सही करून शिक्का मारला. कागद माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी नाही म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तो कागद डेअरीच्या भिंतीवर कित्येक वर्षं चिकटवलेला होता. आमचं दूध एकदाही परत आलं नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला आम्ही पवळीला टेम्पोत चढवलं. आत्या पुढं ड्रायव्हरजवळ बसली. बसण्याआधी ती आईपाशी आली होती. आई घाईघाईनं बांगड्या उतरवायला बघत होती, पण हात सुजले होते आणि बांगड्या निघत नव्हत्या. आत्या थोडा वेळ ते बघत राहिली. तिच्या स्वतःच्या उघड्या मनगटांवरून तिनं उगाच हात फिरवला.

“सकाळी धार हाय न्हवं?” ती म्हणाली. “मग कशाला वडाताण करतीस? मोडल्या तर गाय उपाशी ठिवंल आमाला.” आणि काठी टेकत पुढं निघून गेली. पुढंही त्या बांगड्यांबद्दल तिनं कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट.

मागं गाय, आई आणि मी. टेम्पो खड्ड्यांतून चालला की पवळीचं अंग आमच्यावर कलायचं आणि आईच्या बांगड्या वाजायच्या. मी शालीच्या टोकानं तिच्या मनगटावरचं रक्त पुसत होते. मला रडू येत होतं आणि थोडं हसूही येत होतं. शेवटी मी म्हटलं, “आई, मला आधी सांगायचंस. मी घातल्या असत्या बांगड्या, मी काढली असती धार. माझ्या हातांना कुणी नावं ठेवली नसती.”

“तू शिकतीस. तुजी परीक्षा हुती,” ती म्हणाली. “आनि सांगायचं काय? नवरा मेल्यावर काकनं घालते म्हनून?”

“मग आज का घातल्यास? सगळ्यांच्या देखत? हरलो असतो तर हरलो असतो.”

आईनं पवळीच्या पाठीवरून हात फिरवला.

“हरायचं मला काय न्हवतं,” ती म्हणाली. “उटून घरी आले असते. हणमंता बोलला, बोलू दे. गावानं दूध नाकारलं असतं, नाकारू दे. पर तू इचारलंस.”

मी हात आखडला.

“गाय मुकी हाय, शालन,” ती म्हणाली. “काकनं वाजली न्हाईत, तर तिनं मला वळकलं न्हाई. तिचा मला राग न्हाई.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “तू का वळकलं न्हाईस?”

तिच्या आवाजात चिडणं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

त्याला आता बत्तीस वर्षं झाली. पवळी गेली, आत्या गेली, मागच्या पावसाळ्यात आई गेली. माझ्या गोठ्यात आज अकरा गाई आहेत आणि मशीननं दूध काढतो. गोठ्याला दार आहे, पण ते दिवसा कधी लावत नाही. त्या दिवशी टेम्पोत गाव येईपर्यंत मी शालीची घडी करत बसले. परत मोडली, परत केली. आई उत्तराची वाट बघत होती. मग टेम्पो आमच्या दारात थांबला आणि ती गाय उतरवायला उठली.